उन्हावरचं वरण

आम्ही दोघा नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे पेटी गच्चीवर नेली. एक कान तिच्या हातात, दुसरा माझ्या. ती पुढं, उलटी चढत. मी मागं, खालच्या पायरीवर. जिन्यात वजन खालच्या माणसावर येतं, आणि तिला जड उचलायची डॉक्टरांनी मनाई केली होती. "मी नुसता हात लावते," असं म्हणून ती कान धरायची आणि सोडायला सांगितलं तरी सोडायची नाही.

"डावीकडं घ्या," ती म्हणाली.

"कुणाचं डावं? तू उलटी चालतेस."

"माझंच. जन्मात कधी तुमच्या डाव्यानं काही झालंय का?"

असं अर्धवट भांडत आम्ही वर गेलो. पाण्याच्या टाकीच्या पुढं, रोजच्या जागी पेटी ठेवली. तिनं वरचं झाकण उघडून त्याच्या आतला आरसा उभा केला. आत तुरीचं वरण, भात आणि एका भांड्यात वांगी होती. मी पेटी जराशी फिरवली. "आणखी," ती म्हणाली. आणखी फिरवली. "बास. आता हात लावू नका. दुपारी उघडू." आणि पदरानं मान पुसत ती खाली गेली.

त्या दुपारी जरा पडते म्हणून ती आडवी झाली, ती उठलीच नाही. खाली घर माणसांनी भरलं. वर वरण शिजत राहिलं.

याला आता काही वर्षं झाली. पण चैत्राचं ऊन दर वर्षी येतं, त्याला कुणी सांगत नाही की इथली एक बाई गेली, जरा बेतानं ये. आमच्या गच्चीवरून पलीकडं गोदावरी, तिच्या पल्याड पंचवटी. तिकडच्या घरांच्या टाक्यांवरून ऊन आधी आमच्या कठड्यावर येतं, मग फरशीवर उतरतं, मग फरशी अशी तापते की अनवाणी माणूस नाचायला लागतो. या दिवसांत आमच्या गल्लीत सगळ्या बायकांची गच्चीवर वाळवणं असतात. कुरडया, पापड, साबुदाण्याच्या चकल्या. आमच्या गच्चीवर या सगळ्यांत ती पेटी असायची. पत्र्याची, ट्रंकेएवढी. लोक तिला सोलर कुकर म्हणायचे. आम्ही पेटीच म्हणायचो.

मी जातीचा आणि कामाचा तांबट. शाळा चौथीपर्यंत. भांडी बाजाराच्या मागच्या गल्लीत माझं दुकान होतं. दुकान म्हणजे एक भट्टी, एक ऐरण आणि मी. हंडे, घंगाळी, पातेली, गडू. तांब्याच्या भांड्याला हातोडीनं अंगभर ठोकून घाट देतात, त्याला मठारणं म्हणतात. पूर्वी आमच्या गल्लीत सकाळी सगळे मठारायला बसले की दोन माणसांना एकमेकांशी ओरडून बोलावं लागायचं. लग्न होऊन ही आली तेव्हा पहिला महिनाभर सगळ्यांशी ओरडूनच बोलायची. माहेरी गेली तरी ओरडायची. तिच्या आईला वाटलं, पोरगी सासरी बिघडली.

पेटी तिनं आणली नव्वदीच्या दशकात. तेव्हा गॅससाठी नंबर लावून बसावं लागायचं आणि सिलेंडर बरोबर पाहुणे आले की संपायचा. महिला मंडळात कोणी बाई पेटी दाखवायला आल्या होत्या. ही दाखवणं बघायला गेली आणि पेटी घेऊनच आली. मी दुकानातून आलो तर घरात ट्रंक.

"हे काय?"

"चूल."

"विस्तव कुठंय?"

तिनं बोट वर केलं.

मी हसलो. खोटं कशाला बोलू, चांगला मोठ्यानं हसलो. माझा सगळा जन्म भट्टीपुढं गेलेला. आग म्हणजे काय ते मला माहीत. तिला कोळसा लागतो, भाता लागतो, ती भुवया जाळते. ही बाई मला एक डबा दाखवून सांगत होती की यात आग नाही, धूर नाही, पण डाळ शिजेल. मी म्हटलं, "शिजली तर मी मिशी काढीन."

डाळ शिजली. मिशी मी ठेवली. त्यावर ती आयुष्यभर बोलली.

तिच्या डोक्यात हे सगळं कुठून आलं, ते सांगतो. ती सातवी शिकलेली. पण आमची लेक वैशाली दहावीला होती, तेव्हा ही पोळ्या लाटायची आणि वैशाली ओट्यापाशी उभी राहून विज्ञानाचे धडे मोठ्यानं म्हणायची. ऊर्जेची रूपं म्हणून धडा होता. पोरगी पास झाली आणि विसरली. हिच्या डोक्यात ते बसलं. पुढं घरातली एकेक वस्तू पकडून ती तिची उलटतपासणी घ्यायची. ही ऊब कुठून आली, हा आवाज कुठं गेला. तिच्या तावडीत मी पण सापडायचो.

एकदा दुकानात जेवणाचा डबा घेऊन आली. मी घंगाळ मठारत होतो. तिनं सहज हात लावला आणि मागं घेतला.

"तापलंय हे. भट्टी तर विझलीय."

"ठोकलं की तापतं."

"का?"

आता याला काय सांगायचं? लहानपणी मला वाटायचं, मारलं म्हणून भांड्याला राग येतो. ते तिला सांगितलं असतं तर गावभर केलं असतं.

"जोर लावतो ना मी," म्हटलं. "तो जोर जातो त्यात."

"आणि तुमच्यात जोर कुठून येतो?"

"भाकरीतून."

"भाकरीत?"

"बाजरीतून. परीक्षा घेतेस का माझी?"

"बाजरीत कुठून?"

"शेतातून. शेतात आभाळातून. झालं? जेवू दे."

"आभाळातून नाही, उन्हातून," ती डबा उघडत म्हणाली. "पान ऊन खातं म्हणून दाणा भरतो. ते ऊन दाण्यात, दाण्यातलं तुमच्या दंडात, दंडातलं हातोडीत, हातोडीतलं या घंगाळात. थोडं आवाजात गेलं, ते सगळ्या गल्लीनं ऐकलं. म्हणजे बघा, जन्मभर तुम्ही ऊनच ठोकत बसलाय."

मी भाकरी मोडली. तोंडात घातली. आणि त्या दिवसापासून, सांगतो, बाजरीची भाकरी मला निव्वळ भाकरी लागली नाही. गरम भाकरीचा पापुद्रा उचलला की आतून जी वाफ येते, ती मी आता जरा आदरानं बघतो.

भारनियमनाच्या वर्षांत तर तिला ऊतच यायचा. वीज गेली की बाकीच्या बायका कपाळावर हात मारायच्या. ही गच्चीवर उभी राहून नाशिक रोडच्या दिशेला हात करायची. "तिकडं एकलहऱ्याला कोळसा जाळतात. त्यावर पाणी उकळतात. वाफेनं चाक फिरवतात. चाकानं वीज होते. ती तारांमधून इथवर येते, वाटेत तारा तापतात तेवढी सांडते. आणि मग तुम्ही काय करता?"

"काय करतो?"

"हीटर लावून आंघोळीचं पाणी तापवता! पाणी तापवून केलेली वीज, तिनं परत पाणी तापवायचं. एवढा फेरा कशाला? ती बादली उन्हात ठेवा."

त्या उन्हाळ्यात मी बादलीतल्या उन्हाच्या पाण्यानं आंघोळ केली. पाण्यात कबुतराचं पीस होतं. पण पाणी मात्र कढत होतं, ते मान्य केलं पाहिजे.

वैशालीला आम्ही पिंपळगाव बसवंतला दिली. तिचा नवरा तिथं द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला. द्राक्षांच्या हंगामात आम्ही एकदा गेलो. जावयानं आत नेऊन दाखवलं. आत नुसती थंडी, पेट्यांवर पेट्या, आणि मी मफलर घरी विसरलेला. मी लगेच बाहेर आलो. ही कुठं दिसेना. शोधत इमारतीच्या मागं गेलो, तर तिथं मोठमोठे पंखे लावलेले आणि त्यांतून गरम वारा येत होता, आणि त्या वाऱ्यात ही डोळे मिटून उभी. पदर उडतोय. केस सुटलेत.

"काय करतेस इथं?"

"द्राक्षांतलं ऊन काढून टाकतायत," ती म्हणाली. "थंड करायचं म्हणजे काय, आतली ऊब बाहेर फेकायची. हे बघा, शेतातून आलेलं ऊन. वाया चाललंय. या, उभे राहा जरा."

मी उभा राहिलो. टेंपोवाले बघत होते. दोन म्हातारी माणसं पंख्यापुढं कशाला उभी आहेत, कुणाला कळेना. ती पन्नाशीच्या पुढची, मी साठीला टेकलेलो. असं तिच्याजवळ उभं राहून वारा घेतल्याचं मला दुसरं काही आठवत नाही. फिरायला म्हणून आम्ही कुठं गेलोच नव्हतो.

पण मला सांगायचाय तो एकच उन्हाळा. कुंभमेळ्याच्या पर्वण्या होऊन गेल्या, त्याच्या पुढचा. कुंभात मी गंगाजळाचे गडू भरपूर ठोकले, आणि ते काम संपलं तसं दुकानही संपलं. लोकांच्या घरात स्टील आलं होतं, त्यावरही आता प्लास्टिक चढत होतं. खांदा दुखायचा. मी भट्टी मोडली, ऐरण तेवढी घरी आणली आणि ओट्याखाली ठेवली. ती अजून तिथंच आहे. तिच्यावर ही शेंगदाणे कुटायची.

त्या उन्हाळ्याआधीच्या हिवाळ्यात तिच्या छातीचं दुखणं निघालं होतं. डॉक्टरांनी मला बाहेर नेऊन सांगितलं, सांभाळा. तिला काही सांगितलं नव्हतं. तिला सगळं कळलं होतं.

दुकान नसलेला माणूस घरात कसा असतो? अडगळीसारखा. मी सकाळी उठायचो आणि हातांना काम शोधायचो. ती चार दिवस वैशालीकडं गेली, तेव्हा माझं लक्ष पेटीतल्या भांड्यांकडं गेलं. ॲल्युमिनियमची, झाकणाची भांडी. आणि बाहेरून काळीकुट्ट. आत स्वच्छ, बाहेरून तव्याचं बूड. माझ्यासारख्या तांबटाच्या घरात असली भांडी! गिऱ्हाइकांची भांडी मी आरशासारखी करून दिली आणि स्वतःच्या बायकोनं वर्षानुवर्षं या काळ्या डब्यांत रांधलं. मला लाज वाटली. म्हटलं, येईपर्यंत हिला एक काम करून ठेवू.

दोन दिवस बसलो. आधी राख, मग वाळू, मग काचपेपर. काळं निघता निघत नव्हतं. चिवट रंग होता. खांदा भरून आला, पण हाताला काम मिळालं म्हणून मी खूश. शेवटी फडक्यानं असं घासलं की त्यात माझी मिशी दिसायला लागली. चारही भांडी ओट्यावर ओळीनं मांडून ठेवली.

ती आली. पिशवी हातातच. भांड्यांकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, भरून आलंय.

दुसऱ्या दिवशी तिनं मुकाट्यानं त्यातच डाळ-तांदूळ लावले. उन्हात पेटी ठेवली. दुपार झाली, ऊन कलायला लागलं, तेव्हा मला वर बोलावून म्हणाली, "उघडा." मी उघडलं. डाळ पाण्याच्या तळाशी होती तशीच. चावून बघितली तर दात वाजला.

"काय झालं याला?"

"तुम्ही झालात," ती म्हणाली. आणि मग जी हसत सुटली, ती टाकीला टेकून खालीच बसली. हसताना तिनं छातीवर हात ठेवला, तेव्हा मी घाबरलो. "काही नाही हो," ती म्हणाली, "हसू दे. अहो, काळं भांडं ऊन गिळतं. गिळतं म्हणून तापतं. तुम्ही केलेल्या या चकचकीत भांड्यावर ऊन आलं आणि परत गेलं. आरशाला कधी घाम फुटलेला बघितलाय?"

चमक म्हणजे परत पाठवलेलं ऊन, हे जन्मभर चमक काढणाऱ्या माणसाला कुणी सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं मला शाळेच्या फळ्याला लावतात तो काळा रंग आणायला पाठवलं. परत आलो तर ब्रश माझ्याच हातात दिला.

"मी लावू? जन्मभर काळं काढलं मी."

"म्हणून तर. फिटू दे."

भांडी रंगवून वाळली तेव्हा तिनं पुढचं सांगितलं. आवाज न बदलता, मेथी निवडत. "आता पेटी तुम्ही लावायची. रोज. मी नुसती बसणार. मी गेल्यावर तुम्ही खाणार काय? तुम्हाला चहा येतो, तोही उतू जातो. विस्तवापुढं तुमचं लक्ष राहत नाही, गॅस चालू ठेवून गल्लीत गप्पा मारत उभे राहता. पेटी करपवत नाही. पेटीवर तुम्ही जगाल."

मी चिडलो. वाटेल ते बोललो. असलं अभद्र बोलायचं नाही म्हणालो, लेकीकडं जाईन म्हणालो, खानावळ लावीन म्हणालो. ती मेथी निवडत राहिली. माझं संपल्यावर म्हणाली, "खानावळीचं तिखट तुम्हाला सोसत नाही. आणि लेकीकडं तुम्ही तिसऱ्या दिवशी भांडण काढता. उद्या तूर भिजत घाला."

तर असा तो उन्हाळा. चैत्रापासून वळवाचे ढग येईपर्यंत मी शिकत होतो. आमच्या कामात उस्ताद पोराला जसं शिकवतो, मारून आणि मायेनं, तसं ती शिकवायची. फक्त मारायची तोंडानं.

पाणी कमी घाला, इथं वाफ उडून जात नाही. भांडं काठोकाठ भरू नका. काच पुसा, धूळ बसली की तेवढं ऊन वर राहतं. आणि काचेचं झाकण उघडून बघायचं नाही! हे मला सगळ्यांत जड गेलं. भट्टीत डोकं घालून रंग बघायची माझी सवय. तांबं लाल झालं का, किती लाल, ते डोळ्यांनी बघायचं असतं. इथं बघितलं की घात. दोन काचा एवढ्यासाठीच असतात म्हणे, की ऊन आत यावं आणि ऊब बाहेर जाऊ नये. मी दोनदा चोरून उघडलं. दोन्ही वेळा तिला खालच्या मजल्यावर कळलं. कसं, ते मला अजून कळलेलं नाही.

सूर्य सरकतो तशी पेटी फिरवावी लागते. ती आरशाची तिरीप बघून अंदाजानं फिरवायची. मला तो अंदाज येईना. मग मी माझं डोकं चालवलं. तांब्याची बोटभर खुंटी केली आणि काचेच्या चौकटीवर सरळ उभी, कथलाचा डाख देऊन झाळून बसवली. खुंटीची सावली पडली म्हणजे पेटी वाकडी. सावली पार नाहीशी झाली म्हणजे ऊन बरोबर समोर. तिनं ते बघितलं. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. मग म्हणाली, "बरं सुचलं." तिच्या तोंडून एवढं म्हणजे फार झालं. खाली जाऊन तिनं शेजारणीला वर आणलं आणि खुंटी दाखवली. "आमच्या ह्यांनी केली." मी टाकीच्या मागं उभा राहून ऐकलं.

असंच एक दिवस ती टाकीच्या सावलीत येऊन बसली. हात मांडीवर. म्हणाली, "आज मी नाही असं धरा."

"म्हणजे?"

ती बोललीच नाही. समोर बघत राहिली.

मी डाळ धुतली. तांदूळ धुतले. हळद घातली. "मीठ किती?" म्हणून विचारलं. ती कबुतरं बघत होती. "अगं, मीठ किती?" तिनं हूं की चूं केलं नाही. मला राग आला. मग राग गेला आणि नुसतं कसंतरी झालं. ती माझ्यापासून चार हातांवर बसली होती, नाकातली चमकी सावलीतही चमकत होती, आणि मी विचारतोय आणि उत्तर येत नाही. मी अंदाजानं मीठ टाकलं. पेटी फिरवली. सावली सरकली की उठून पुन्हा फिरवली. भूक लागून पोट ओरडायला लागलं तरी उघडली नाही.

जेवायला बसलो. पहिला घास घेतला आणि कळलं, मीठ जवळजवळ नाहीच. तिनं पूर्ण ताट संपवलं. भात परत घेतला. वरण परत घेतलं. बोटं चाटली. मग म्हणाली, "आता मी आहे. मीठ कमी झालं."

"मग विचारलं तेव्हा का नाही सांगितलंस?"

"नव्हते ना मी."

त्या दिवशी मी पण एक ठरवलं, तिला सांगितलं नाही. ठरवलं की हे शिकायचंच. तिच्यासाठी जेवढं करता येण्यासारखं होतं, त्यात हे एक होतं.

त्यानंतरची वर्षं चांगली गेली. पेटी कधी मी लावायचो, कधी ती. तिचं वरण माझ्यापेक्षा चांगलं असायचं आणि माझी वांगी तिच्यापेक्षा चांगली, असं आमचं ठरलं. फोडणी पेटीत होत नाही, म्हणून फोडणी तिच्याकडं राहिली. मोहरी तडतडली की खालून वरपर्यंत वास यायचा आणि मी गच्चीवरून ओरडायचो, "आलो!"

ती गेल्यावर वैशालीनं माझी समजूत काढायला तोच धडा काढला. म्हणाली, "बाबा, ऊर्जा नाहीशी होत नाही, रूप बदलते. आईच म्हणायची ना? आई कुठं गेली नाही." मी तिला म्हटलं, "मग कुठल्या रूपात ती माझ्या वांग्यांना नावं ठेवणार, तेवढं सांग." पोरगी रडली. मला वाईट वाटलं, पण जे वाटलं ते बोललो. मी आयुष्यभर तापलेली भांडी गार होताना बघितलीत. त्यातली ऊब नाहीशी होत नसेल, पुस्तकात आहे तर खरंच असेल. पण ती पसरते. खोलीभर, गल्लीभर, आभाळभर. अशा पसरलेल्या उबेवर साधी पेज शिजत नाही. शिजवायचं असेल तर ऊन गोळा करून एका जागी धरावं लागतं. त्याला पेटी लागते, काच लागते, काळं भांडं लागतं. आणि उठून फिरवायला माणूस लागतो.

आता ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ.

आदल्या संध्याकाळी तिला घाटावर पोचवून आलो होतो. शेजारणीनं पिठलं-भाकरी आणून ठेवली होती. मी खाल्लं नव्हतं. नांदगावहून माझी थोरली बहीण आली होती, आम्ही तिला आक्का म्हणतो. वैशाली होती. सकाळी कुणीतरी चहा दिला. तो घेतला आणि मला आठवलं, पेटी वरच आहे.

वर गेलो. पेटी होती तशीच होती, आरसा उभा, काचेवर धूळ आणि कबुतरांची घाण. तोंड अजून कालच्या सकाळच्या उन्हाकडं. झाकण उघडलं. वरण शिजलं होतं. लोण्यासारखं. फक्त आता त्याला फेस आला होता आणि आंबूस वास सुटला होता. भात फुटला होता. वांगी आपल्या सालीत बसली होती. तिनं लावलेलं शेवटचं, आणि ते आम्ही खाल्लं नाही. मी भांडी खाली आणली, रिकामी केली आणि मोरीत घासायला बसलो. आतून राखेनं घासली. बाहेरून नुसतं पाणी फिरवलं.

आक्का दारात उभी. "आरं नाना, तू कशाला? आन् भायेरून काळीच ठिवली?"

"काळीच असतात ती."

मी डबा उघडला. तूर घेतली, तांदूळ घेतले, धुतले. हळद घातली. आक्काच्या तोंडाला पदर गेला.

"नाना, डोकं फिरलं का रं तुजं? घरात सुतक हाय. चूल पेटवत नाय. येतंय की शेजारून."

"चूल पेटवत नाहीये."

"मंग हे काय मांडलंस?"

"वर चल, दाखवतो."

मीठ घालताना हात थांबला. मग घातलं. भांडी उचलून जिना चढायला लागलो. वैशालीनं काही न विचारता दोन्ही भांडी माझ्या हातातून घेतली. मागून आक्का धापा टाकत, गुडघ्यावर हात देत, आमच्या घराण्याचा उद्धार करत. वर आल्यावर मी काच पुसली, भांडी आत ठेवली, काचेचं झाकण लावून आरसा उभा केला. आक्का बघत होती. तिनं कधी पेटी उन्हात लावलेली बघितली नव्हती.

"विस्तव कुटं हाय?"

मी बोट वर केलं.

"फोडनी तरी घालू नगंस बाबा. सुतकात फोडनी चालत नाय."

"यात फोडणी होतच नाही, आक्का."

थोड्या वेळानं, खात्री करायला, तिनं काचेवर हात ठेवला आणि झटकन मागं घेतला. "आगं माय," म्हणाली, "हे पेटवलं कुनी?" ती जाऊन टाकीच्या सावलीत बसली. नेमकी तिथंच, जिथं ही बसायची. वैशाली तिच्या शेजारी बसली. शेजारच्या गच्चीवर बायकांनी आमच्याकडं बघून कुरडया घालायचं थांबवलं होतं.

ऊन सरकलं. खुंटीच्या बुडाशी सावली फुटली, नखाएवढी. मी उठलो. पेटीचे दोन्ही कान मीच धरले आणि सावली पार नाहीशी होईपर्यंत पेटी फिरवली.